दवाखान्यातली डबी

रविवार, संध्याकाळ

धाकट्या भावाचं, राहुलचं, लग्न जमलं. मुलगी भिवपुरीची. आईने तिला कुंकू लावलं ते त्या प्लास्टिकच्या डबीतलं. ती डबी दवाखान्यातून मीच आणलेली.

दोन वर्षांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर झाला, स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी, माझ्या द्यायच्या ठरल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "हलकी केमो दिली तर आजार उलटू शकतो. तरुण आहे, पूर्ण ताकदीची सोसेल. पण मग मूल होणं अवघड. आधी वीर्य साठवून ठेवू, त्याला विचारा." नर्सने नमुन्यासाठी डबी हातात दिली. राहुल तापाने फणफणलेला. सख्ख्या भावाला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना सांगून टाकलं, "तो नको म्हणतोय." पूर्ण ताकदीची केमो देऊन राहुल बरा झाला; कोरी डबी पिशवीतून घरी आली आणि आईने तिच्यात कुंकू भरलं.

नुसती लाजच होती का? की मला मूल नाही, माझं काय अडलंय, तर त्याचं काय अडेल, असंही आलं होतं मनात?

पाहुणे गेल्यावर राहुल हसत म्हणाला, "तिला दोन पोरं तरी पायजेत म्हणं. ताई, डॉक्टर त्याबद्दल काय बोलले नव्हते ना गं?"

"नाय रं," मी म्हटलं, आणि डबीचं झाकण घट्ट लावलं.