लतिकाची सीडी आणि आपल्या मिलचा भोंगा

काळाचौकी, मुंबई ३३
संक्रांतीनंतरचा मंगळवार

प्रिय जयवंत यास गणपतचा कडकडून रामराम.

इकडे आम्ही सर्व जिवंत आहोत, म्हणजे बरे आहोत असे समजावे. काशीवहिनींना नमस्कार सांग. तुझा गुडघा कसा आहे? मे महिन्यात मी गावी आलो तेव्हा तू तो पुढे करून बसला होतास आणि विहिरीचं पाणी पाहुण्याने (म्हणजे मी) काढलं, त्याअर्थी अजून दुखतच असणार. कलमं मोहरली का? माझी प्रकृती ठणठणीत आहे. कान थोडे जड झालेत असं शांता म्हणते, पण तीच हल्ली फार पुटपुटते, तेव्हा दोष नक्की कुणाचा हे अजून ठरायचं आहे.

आधीच सांगतो, हे पत्र तुला मुंबईला बोलावण्यासाठी नाही. संप नावापुरता उरला त्या वर्षी परळच्या डेपोत एसटीत चढताना तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "आपल्या मिलचो भोंगो परत वाजलो तर येतलंय. तोपर्यंत ह्या मुंबईत पाय ठेवचंय नाय." त्यानंतर तू गणपतीला आला नाहीस, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आला नाहीस, सख्ख्या भाच्याच्या लग्नात तर तुझ्या नावाचा नारळ मी आहेर म्हणून दिला. मी कधी काही बोललो? आताही बोलणार नाही. फक्त खबर कळवतो.

खबर अशी की आमच्या लेकीची, लतिकाची सीडी निघते आहे. हो, तीच. ऐन संपात जन्मली आणि जिच्या पाळण्याची दोरी तू आपल्या साच्यावरची, कापड विणताना तुटल्या धाग्याला मारायचो ती गाठ मारून आढ्याला बांधली होतीस (ती गाठ पुढे कुणाला सुटेना, शेवटी कापावी लागली). आता विमा कंपनीत नोकरीला आहे. सीडी निघणार हे ऐकून मी भजनाची समजलो आणि घाईघाईने हार घेऊन आलो. हार वाया गेला. तिच्या संगीताला सिम्फॉनिक गॉथिक मेटल असं तीन शब्दांचं नाव आहे. तिने मला एकेक शब्द समजावला. पहिल्याचा अर्थ पन्नास व्हायोलिनवाले, दुसऱ्याचा अर्थ पडका किल्ला आणि स्मशान, तिसऱ्याचा अर्थ लोखंड. एवढं सगळं पाच जणांत बसवायचं. त्यांच्या बँडच्या इंग्रजी नावाचा अर्थ राखेचा राजवाडा. राजवाड्यातले सगळे दहा बाय बाराच्या खोल्यांत राहतात.

पन्नास व्हायोलिनवाले आनंदाच्या एका विजेवरच्या पेटीत (कीबोर्ड म्हणतात) आहेत. आनंदा म्हणजे आपल्या लालबागच्या बेंजो पार्टीतला, वरातीत वाजवायचा तो. लतिका उंच सुरात गाते आणि मध्येच लवू नावाचा वरळी कोळीवाड्यातला पोरगा घशातून असा गुरगुरतो की दशावतारातल्या राक्षसाने आधी ह्याच्याकडे शिकवणी लावावी. मी त्याला आल्याचा रस पाजला. त्याने आभार मानले आणि पुन्हा तसाच गुरगुरला. पोरगा गुणी आहे, घरी येताना आईने पाठवलेली सुरमई आणतो. हे सगळे बारा महिने काळे कपडे घालतात. आमच्या रखमाबाईंनी एकदा लतिकाला विचारलं, की तुमच्याकडे संक्रांत वर्षभर चालते का. यंदा संक्रांतीला मात्र साऱ्या बायका काळ्या साड्या नेसून हळदीकुंकवाला निघाल्या आणि बँड त्यांच्यात मिसळून गेला. लवूच्या हातात कुणीतरी वाण म्हणून चहाची गाळणी दिली. त्याने ती गिटारच्या पिशवीत ठेवली आहे.

खरा गोंधळ झाला तो रेकॉर्डिंगचा. चांगल्या स्टुडिओचं भाडं परवडेना, म्हणून चाळीतली व्यायामशाळा दुपारची मिळवली. पण तिथे आवाज घुमतो. भिंतींना जाड काहीतरी लावायचं, तर लतिकाने घरोघरी फिरून गोधड्या मागितल्या. पोरीचं तोंड गोड, सगळ्यांनी दिल्या. पण दिवस थंडीचे, त्यामुळे दिवेलागणीला ज्याची गोधडी त्याला परत करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करून खिळ्यांना टांगायची. हे काम माझ्याकडे आलं (रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी). रखमाबाईंची गोधडी तिसऱ्या मजल्यावर गेली, तिथली आमच्याकडे आली आणि एका रात्री आम्ही दोघं कुणाच्या तरी नातवाच्या लाळेऱ्याएवढ्या दुपट्यात झोपलो. लतिका एक सूर धरून उंच चढली की नेमकी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग दुपारी डाळ शिजवायची नाही असा ठराव झाला. आठवडाभर चाळ पिठल्यावर होती आणि कुणी कुरकुरलं नाही, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तर सीडीचं नाव 'तिसरी पाळी', म्हणजे मिलमधली आपली रातपाळी. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला भोंगा पाहिजे असं लतिकाच्या मनात आलं. आनंदा म्हणाला, पेटीतून काढतो, फक्त कसा वाजायचा ते सांगा. त्याने बिचाऱ्याने भोंगा ऐकला तेव्हा तो कडेवर होता. मी तोंडाने काढून दाखवला. तेवढ्यात खाली उरलेसुरले गिरणीवाले जमले, आणि जो तो आपल्या मिलचा भोंगा काढू लागला. एकाचा बारीक, एकाचा घोगरा. बाबूराव म्हणाला, गणपतचा भोंगा म्हणजे रेडा ओरडतोय. मी म्हणालो, तुझ्या मिलला भोंगा नव्हताच, शिपाई थाळी वाजवायचा. सत्तरीचे म्हातारे गळ्याच्या शिरा ताणून भोंगे काढताहेत आणि काळ्या कपड्यांतली पोरं गंभीर चेहऱ्याने ते टिपून घेताहेत. शेवटी लतिकाने निकाल दिला, की बाबांच्या मिलचाच भोंगा घ्यायचा. बाबूराव दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आनंदाने खपून तो बसवला. सुरुवातीची ती घरघर, मग चढ, मग तो लांब सूर आणि शेवटी दम संपल्यासारखी उतरण, सगळं हुबेहूब. मग एका दुपारी त्याने तो मोठ्या स्पीकरवर लावून पाहिला. काय झालं म्हणतोस? शेजारच्या राधाबाईंनी चुलीवर, म्हणजे गॅसवर, डब्यासाठी भात चढवला. डबा न्यायला आता कुणी उरलं नाही हे त्यांच्या मग लक्षात आलं. आणि बाबूराव झोपेतून उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला, चपला घातल्या आणि जिना उतरून थेट चाळीच्या गेटपर्यंत गेला. बायको मागून हाका मारत धावली. तिने दंडाला धरलं तेव्हा म्हणतो, सोड, मिलचं गेट बंद होईल. हसून हसून आमची पुरेवाट. ती मात्र हसली नाही. त्याला हात धरून तिने वर आणलं आणि चहा दिला.

माघी गणपतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी सीडीचा कार्यक्रम आहे. तू येण्यासारखं त्यात काही नाही. आवाज फार, उजेड कमी, खुर्च्या नाहीत. उभ्याने डोकी हलवायची असतात. आपल्या वयाला मानेचे त्रास. मी स्वतः जाईन की नाही हेही नक्की नाही. तेव्हा गावीच स्वस्थ राहावे, गुडघा जपावा. काशीवहिनींनी पाठवलेली कोकमं पोचली. आबालवृद्धांस यथायोग्य.

तुझा,
गणपत

ता. क. शांताने पत्र वाचलं आणि म्हणाली, देवाच्या दारी खोटं बोलावं, जयवंतभावजींशी नको. बाबूराव त्या दुपारी सुनेच्या माहेरी उरणला होता. सदरा घालून गेटपर्यंत गेला तो मी.

ता. क. दुसरा. आता निघालंच आहे तर हेही लिहितो. लतिका लहानपणापासून गाते आणि मी तेव्हापासून मान डोलावतो. तिचं गाणं काही ऐकू येत नव्हतं रे. साच्यांनी आपले कान केव्हाच नेले, तुला वेगळं काय सांगायचं. तिचे ओठ हलताना बघायचे आणि शांताने मान हलवली की आपणही हलवायची, असं इतकी वर्षं चाललं. पोरीला कधी कळू दिलं नाही. त्या व्यायामशाळेत गोधडीला पाठ लावून बसलो होतो. ढोल सुरू झाले ते जमिनीतून पायांत आले, साचे खात्यात यायचे तसे. आणि त्या सगळ्या लोखंडाच्या वरून तिचा आवाज आला. मला ऐकू आला, जयवंता. पहिल्यांदाच. पोरगी चांगली गाते रे. मी उठून बाहेर गेलो, तिला वाटलं मला आवडलं नाही. अजून तिला सांगितलेलं नाही. तू आलास की तूच सांग, मला जमायचं नाही.

ता. क. शेवटचा. कार्यक्रम कुठे ते लिहायचं राहिलं. आपल्या मिलच्या जागेवर मॉल झालाय, त्यांनी चिमणी आणि मागची एक भिंत शोभेला ठेवली आहे. त्या भिंतीपुढे मोकळी जागा आहे, तिथे. म्हणजे आपलं साचे खातं. मी पावलं टाकून पाहिलं, लतिका जिथे उभी राहणार तिथे तुझा साचा होता. त्या गदारोळात कुणाला कुणाशी बोलता येणार नाही. आपल्याला येईल, हातांनी आणि ओठांनी, पूर्वी साच्यांच्या आवाजात बोलायचो तसं. काळा सदरा नसेल तर काळजी नको. लतिकाने मला शिवून दिलाय आणि दुसरा त्याच कापडाचा, तुझ्या मापाचा, पेटीत आहे. कार्यक्रम सुरू होताना सगळ्यात आधी काय वाजणार ते तुला ठाऊक आहे. आपल्या मिलमध्ये, आपल्या मिलचा.

तू बोललंस ता मी इसरलंय नाय. भोंगो वाजतलो हा. पाळी चुकवू नको.