पहिलं कारण आणि तुटलेला दोर

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार लिहिला तो तू थोरला म्हणून. मनातून केलेला नाही.

यांच्या शोकसभेत तू कॉलेजात शिकवतोस तेच बोललास. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणालाही कारण, ही साखळी मागे कुठेतरी थांबलीच पाहिजे, थांबते तो देव. म्हणून या अपघातामागेही त्याचा हेतू आहे. बायका रडल्या. मॅनेजरने तुझा हात दोन्ही हातांत धरला.

काल तोच मॅनेजर घरी आला. म्हणाला, तुमचे बंधू एवढे विद्वान, त्यांनीच सांगितलंय, मग चौकशी कशाला? यांच्याबरोबर गिरणीची लिफ्ट दुरुस्त करणारा जोडीदार साक्ष देणार होता. तोही आता म्हणतो, वहिनी, वरच्याच्या मनात होतं.

दादा, लिफ्टच्या दोराचे पीळ सुटलेत हे यांनी मॅनेजरला दोन-तीनदा सांगितलं होतं. तोच दोर तुटून लिफ्ट यांच्यासकट कोसळली. तुझ्या साखळीतली ही कडी कुठे गेली? एका उडीत थेट आभाळात पोचलास! प्रत्येकाला कारण हवं, मग देवाला का नको? त्याला नको चालतं, तर जगालाच नको म्हटलं तर काय बिघडलं? बरं, असेल काहीतरी पहिलं. ते दयाळू आहे, त्याला हेतू आहे, हे कुठून काढलंस? पदरचं घातलंस.

उत्तर दे. शब्दांचे बुडबुडे नकोत.

तुझी म्हणवून घेणारी,
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून भरल्या ताटावरून उठलो. कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तिथे मी उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस? भल्याभल्यांनी पिढ्यान् पिढ्या घासून घेतलेला युक्तिवाद तू औषधांच्या दुकानात नोकरी करता करता मोडीत काढणार?

देवाला कारण लागत नाही, कारण तो स्वयंभू आहे. दयाळूपणाचा मुद्दा वेगळा. तिथे मी जरा घाई केली. पण मॅनेजर माझ्या बोलण्याचं काय करतो, त्याला मी काय करू? डोकं शांत ठेव. पोरीला जप.

तू तोडलीस तरी माया आहेच.
दादा

१४ मार्च

ती. दादास,
न. वि. वि. स्वयंभू म्हणजे ‘कारण विचारू नका’ हेच ना, भारदस्त कपडे घातलेलं? मुद्दा वेगळा होता, तर सभेत का नाही म्हणालास? तुझ्या वर्गात चुकलं तर मार्क जातात. इथे माझ्या माणसाच्या मरणाचा जाब बुडतोय, आणि बुडवणाऱ्याच्या हातात तुझं भाषण आहे.

गुरुवारी चौकशीचे साहेब गिरणीच्या कँटीनमध्ये येणार आहेत. तिथे येऊन बोल. नाहीतर पुन्हा पत्र टाकू नकोस.

चिमी

२३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. पोचलास का? त्या दिवशी धड बोललेही नाही तुझ्याशी.

तू साहेबांसमोर म्हणालास, की पहिलं कारण मला ठाऊक नाही, ठाऊक असल्याच्या थाटात बोललो ते चुकलं. पुढे म्हणालास, शेवटचं कारण मात्र या छपराखाली पुष्कळांना ठाऊक आहे. मॅनेजर मध्येच तुला गप्प करायला उठला. तेवढ्यात जोडीदार उभा राहिला, आणि दोराचं सगळं भडाभडा बोलला. मागून आणखी दोघं बोलले. साहेबांनी लिफ्टला सील ठोकलं. काल मॅनेजरला घरी बसवल्याचं कळलं.

माझा राग उतरलाय असं समजू नकोस. पोरीने विचारलं, एवढी मामावर का भडकलीस, देवावर का नाही? मी म्हटलं, भडकायला समोर कोणीतरी असावं लागतं. मामा होता.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमी