जळका डाग

५ जून, गुरुवार

गावातल्या जुन्या लिंडन झाडाच्या बुंध्याशी, दोन मुळांच्या बेचक्यात, राखाडी मऊ थर. कडा पांढरी. बोटाला पिठासारखं काही लागलं. शेजारी तोच जुना काळा पापुद्रा, ज्याला अख्खं गाव भट्टीची झळ म्हणतं – बर्टहोल्ड दर जत्रेत तिथेच पाइनची बोंडं पेटवून सॉसेज भाजतो.

जळक्या लाकडाला पांढरी कडा येत नाही. ही बुरशी आहे.

आजवर तालुक्यातल्या झाडांची तपासणी मी ऑक्टोबरात करायचे. तेव्हा नुसतं काळंच दिसतं. गेल्या ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा जूनमध्ये आले. हातोडी मारून पाहिली – आवाज ठणठणीत. ही बुरशी बुंधा पोकळ करत नाही, ठिसूळ करते. वर पालवी हिरवीगार राहते आणि एक दिवस झाड बिस्किटासारखं मोडतं.

जत्रा २९ ला. झाडातल्या मचाणावर बारा जोड्या नाचणार, वाजवणारेही वरच बसणार. पहिली जोडी यंदा आमची लेक व्हेरेना आणि तिचा लुकास.

६ जून

नमुना प्रयोगशाळेत पाठवला. घरी बोलले नाही. व्हेरेना नाचाचे बूट घालून जिन्यावर ठकठक करत होती.

७ जून

तपासणीचे जुने तक्ते काढले. सहाही वर्षं माझंच अक्षर : ‘जळका डाग, काळजीचं कारण नाही.’ पहिल्या वर्षी ओटमारच्या तक्त्यावरून उतरवलं – त्याच्या हाताखालीच हे काम शिकले. पुढची पाच वर्षं माझ्याच तक्त्यावरून. एकदाही खरवडून पाहिलं नाही. चाकू तर कायम खिशात असतो.

लाज वाटली.

११ जून

ओटमारला झाडापाशी नेलं. निवृत्त होऊन सात वर्षं होत आली तरी चाकू स्वतःचा आणला. खरवडलं, चिमटीत चुरडून पाहिलं.

“भट्टी पेटलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत आलो गं,” म्हणाला. “म्हणून डाग कधी बघितलाच नाही.”

“मचाण बंद करतेय.”

“गाव तुला फाडून खाईल.”

“माहितेय.”

“व्हेरेनाला सांगितलंस?”

नव्हतं सांगितलं.

१६ जून

निकाल आला. तीच बुरशी. दुपारी झाडाभोवती, पडलं तर जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत, फीत बांधली.

संध्याकाळी खानावळीत सभा. बर्टहोल्ड जत्रेचा प्रमुख, तोच बोलायला उठला. “इर्मी, माझे पणजोबा त्या मचाणावर नाचले. झाड पानांनी लगडलंय. तुझी हातोडी काय म्हणते?”

“हातोडी म्हणते झाड चांगलं आहे.”

“मग ऐक की बाई तिचं!” सगळे हसले.

मी सांगितलं – सहा वर्षं मी चुकीचं लिहिलं, चूक माझी. हसणं थांबलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, “सहा वर्षं चुकलीस, तर आज बरोबर आहेस कशावरून?” प्रश्न योग्य होता. माझ्याकडे फक्त प्रयोगशाळेचा कागद होता, तो मी पुन्हा वाचून दाखवला.

१७ जून

व्हेरेना : “सहा वर्षं चाललं ना? मग अजून एक दिवस चाललं नसतं?”

मी बटाटे सोलत राहिले. जा, नाच म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं.

२३ जून

कोणी बोलत नाही. बेकरीत पाव मिळतो, गप्पा नाहीत. ठीक.

२९ जून, रविवार

नाच शाळेच्या अंगणात झाला. फळ्या टाकल्या होत्या. व्हेरेनाने माझ्याकडे पाहिलं नाही, पण सुंदर नाचली. लिंडन फितीच्या आत उभंच. वारा नाही, काही नाही. झाड पडावं असं दुपारभर वाटत होतं. वाईट इच्छा, पण होती.

८ जुलै

आज तोडलं. आधी मचाण उतरवलं, मग फांद्या, मग बुंधा. कापल्या जागी बुरशीच्या काळ्या रेघाच रेघा. धड लाकूड एकाच बाजूला, तेही वीतभर.

बर्टहोल्डने मनगटाएवढा तुकडा उचलला आणि दोन्ही हातांनी दाबला. काडकन तुटला. “गेल्या वर्षी माझी नात वर होती,” एवढंच म्हणाला. मग गाडीतून पावात घातलेलं सॉसेज आणून माझ्या हातात दिलं.

घरी व्हेरेनाने माझ्या हातातून सुरी घेतली आणि बटाटे तिने सोलले. फार बरं वाटलं. संपलं एकदाचं.

९ जुलै, पहाट

संपलं म्हणाले, पण झोप लागली नाही. पाचला कार्यालयात येऊन साऱ्या तालुक्याचे तक्ते काढले. ‘जळका डाग’ – नऊ झाडं, सगळी माझ्या अक्षरात. एकही खरवडलेलं आठवत नाही.

तिसरं, बालवाडीच्या अंगणातलं बीचचं झाड. त्याला झोपाळा आहे.

बालवाडी सातला उघडते. साडेसहा झालेत. निघाले.