काकूंचं प्रमाणपत्र

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण ‘चाललंय’ हे तुझं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. इकडे सगळं ठीक. खिडकीखालचा भाजीवाला अजून तसाच बेंबीच्या देठापासून ओरडतो. आणि मी फोन सोडून पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तू ओळखलंच असशील.

भानगड अशी, की तुझी बहीण त्रेपन्नाव्या वर्षी परीक्षा पास झाली. व्यायाम प्रशिक्षकाची! ज्येष्ठांना व्यायाम शिकवायचं रीतसर प्रमाणपत्र आहे, सही-शिक्क्यासकट. हस, पोटभर हस. खेळाच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून झाडाखाली बसणारी मी. आईच्या सहीच्या चिठ्ठ्या तूच लिहून द्यायचास.

सहा महिने मी त्या वर्गाला जात होते. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं, मला ‘काकू’ म्हणायची. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्या शिट्टीबाई. शरीरशास्त्रात मात्र काकूंनी सगळ्यांना खिशात घातलं. तीस वर्षं लाकडी ठोकळ्यांवर माणसं कोरून छापतेय मी! एकेक स्नायू वहीत काढला, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती वही वर्गभर फिरली.

प्रात्यक्षिकात आपटले. समोर दहा आजी-आजोबा उभे. त्यांच्याकडे तोंड करून शिकवताना ‘उजवा हात’ म्हणायचं आणि आपण डावा उचलायचा, म्हणजे त्यांना आरशासारखं दिसतं. सोपं आहे. पण ठोकळ्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, त्यामुळे माझ्या डोक्यात इतकी वर्षं सगळं आधीच उलटं होऊन बसलेलं. मी हातही उलटा केला आणि शब्दही. डावा हात उचलला आणि तोंडाने ‘डावा’च म्हणाले. निम्म्यांनी माझं ऐकलं, निम्म्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांचं कोपर शेजारच्या आजींच्या कानावर बसलं. आजी म्हणाल्या, “अहो सर, शाळा सुटली आता, मारताय काय?”

नापास. दुसऱ्या खेपेला मनगटांवर पेनाने खुणा करून गेले, तेव्हा कुठे सुटले.

माझी चित्रं विकणारा गॅलरीवाला विचारतो, “बाई, चित्रं सोडली की काय?” सोडतेय कशाला? सकाळी पटाशी, संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस वर्ग. हौस म्हणून केलं असं सगळ्यांना सांगते. तुलाही तेच लिहिणार होते.

तुझ्या कामाच्या मावशींचा फोन असतो मला. रागावू नकोस त्यांच्यावर. घरी व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्याला तू दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलंस म्हणे. वॉकरवर टॉवेल वाळत घालतोस. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, पण आता चालला नाहीस तर पुढे चालताच येणार नाही. मला भीती वाटते, दादा. म्हणून शिकले. मी येऊ का तुला उठवायला? येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, एकवीस तारखेला?

पण ‘ये’ म्हणायच्या आधी एक ऐक.

वहिनी गेल्यानंतर तुला एकटं वाटू नये म्हणून मी आठ दिवस राहायला आले होते, आणि तू बाथरूममध्ये पडलास. तेव्हा मी औषधं आणायला बाहेर गेले होते, असं मी डॉक्टरांना सांगितलं, सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. मी कुठेही गेले नव्हते. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर ठोकळा कोरत होते. धप्प आवाज ऐकला. तू ‘छोटी’ म्हणून हाक मारलीस. ‘आले आले’ म्हटलं आणि हातातली रेघ पुरी केली, कारण मध्येच तुटलेली रेघ छापल्यावर दिसते. मग शेजारचीही केली. पाचेक मिनिटं गेली असतील. मग धावत येऊन तुझ्या काखेत हात घालून ओढलं आणि तू किंचाळलास.

कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात शिट्टीबाई म्हणाल्या, हाड मोडल्याची शंका असेल तर माणसाला हलवायचंच नाही. मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

अकरा महिने आले नाही ते कामामुळे नाही. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटते. माझं चुकलं, दादा. फार चुकलं.

नको म्हणालास तर मी समजेन. पण मग त्या व्यायामवाल्याला तरी परत बोलाव.

तुझी, अजूनही म्हणू देशील तर,
छोटी

*

शनिवार, १३ फेब्रुवारी

छोटे,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. अभिनंदन. आई असती तर ते प्रमाणपत्र सगळ्या बिल्डिंगला दाखवून आली असती.

पाच नाही, चौदा मिनिटं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली. बाथरूमच्या उघड्या दारातून पॅसेजमधलं घड्याळ दिसत होतं आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. राग आला होता. दोन महिने होता. तुझ्या ओढण्याने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मुद्दाम विचारलं होतं. त्यानंतरचा राग तू येत नाहीस याचा.

आणि तू औषधं आणायला गेली होतीस, असंच मीही सगळ्यांना सांगितलंय. तुला तोंडघशी पाडणार होतो की काय?

त्या व्यायामवाल्याला हाकललं, कारण तो पावलागणिक ‘शाब्बास आजोबा’ म्हणायचा. तू शाब्बास म्हणायचं नाही.

एकवीसला ये. रविवारी मावशींना सुट्टी असते, तेव्हा दार मीच उघडीन. खुर्चीपासून दारापर्यंत किती वेळ लागेल ते मला ठाऊक नाही. बेल एकदाच वाजव आणि बाहेर थांबून राहा.

मी येतोय.

दादा