पोटखराब सड्यावरून

२ जुलै
मनूचा हुकूम. रोज पाऊण तास चालायचं आणि पुराव्यादाखल एक फोटो पाठवायचा. लेक मुंबईत बसून बापाची साखर सांभाळते. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही तोंडाने चार मैल चालून येता. मला पाय हवेत." आजचा फो. – सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठाराच्या, तोंडाशी टेकवलेली माझी छत्री. उत्तर आलं, छत्री नको, काहीतरी जिवंत पाठवा.
या कातळावर जिवंत काय असणार?

५ जुलै
वारा. छत्री उलटी झाली, भिजून परत. फो. – बागेभोवतीचा चिऱ्यांचा गडगा. गडग्याच्या आत सुरुंग लावून खड्डे फोडून लावलेली आंब्याची कलमं, बाहेर उरलेला निम्मा सडा. गडगा छान आलाय. मनूला पसंत नाही. "जिवंत, बाबा."

९ जुलै
कातळाच्या भेगेत बोटभर माती. त्यातून बारीक दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. एकच झाड समजून उकिडवा बसलो, तर भोवती पन्नासेक. गुडघे धरून उठलो तर त्याहून पुढे आणखी. या वाटेने साठ वर्षं जातोय. पावसाळ्यात मात्र सड्याला कडेने वळसा, कारण चप्पल घसरते.
मनूने कुणाला तरी विचारून नाव कळवलं, दीपकाडी. कोकणातल्या अशा मोजक्या सड्यांवरच येते म्हणे. "तुम्हाला माहीत नव्हतं?"


१० जुलै
झोप नीट नाही. नऊ वर्षांपूर्वीची ग्रामसभा. निम्मा सडा बागेला द्यायचा की नाही. हातात सातबारा घेऊन मी उभा. "सरकारी कागद सांगतो, पोटखराब! देवानेसुद्धा या दगडावर काही पेरलेलं नाही. आपण पेरू!" टाळ्या. मंडणगडपासून नाटे गावापर्यंत सभा गाजवल्या, पण तशा टाळ्या कुठे नाहीत.
गोपाळ एकटा उठला. शाळेत माझ्या बाकावरचा. गुरं राखायचा, सड्यावरचं गवत कापायचा. म्हणाला, "मास्तर, तिथं गवत येतं. माझी गुरं त्यावर..." मी पुरं करू दिलं नाही. "गोपाळा, तुझी गुरं तुझ्यापेक्षा शहाणी. पाऊस सरला की ती तरी सड्यावरून खाली उतरतात. तू कधी उतरणार?"
सभा हसली. तो खाली बसला. दोन वर्षांत गुरं विकली. माझ्याशी बोलणं त्या दिवसापासून बंद.
वाक्य चांगलं होतं. तेच टोचतं. आयत्या वेळी सुचलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

१८ जुलै
प्रकाश आला, सरपंच. माझाच विद्यार्थी. १५ ऑगस्टच्या ग्रा.स.त उरलेला निम्मा सडाही बागेला द्यायचा ठराव. "सर, त्या वेळी बोललात तसंच बोला. तुम्ही बोललात की विषय संपतो."
मी म्हणालो, "बघू."
आयुष्यभर या शब्दाची टिंगल केली. आज स्वतःच्या तोंडून ऐकला.
फो. – बेडूक. मनू खूश.

२६ जुलै
सडा निळाजांभळा. सीतेची आसवं. दुरून धुकं पडल्यासारखं, जवळ गेलं तर फुलं. फोन ओला होईतो फो. काढले.
वाटेत गोपाळची बायको. डोक्यावर इरलं, हातात भाजी. न थांबता म्हणाली, "भावोजी, फोटो काय काढता आता? शिमग्यात या. खालच्या झऱ्याचा काढा."
सुरुंगांनंतर वाडीचा झरा शिमग्यालाच आटतो. पूर्वी वैशाखातही घागर भरायची. हे मला ठाऊक होतं. तिसऱ्याच वर्षी कळलं होतं. पाऊस कमी झाला, असं मी लोकांना सांगत राहिलो. पाऊस कमी झाला नव्हता.

३१ जुलै
गोपाळकडे गेलो. रिकाम्या गोठ्यात आता लाकडं रचलेली. तो ओट्यावर काथ्या वळत होता. बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सुरुवात केली. मी अन्याय केला, सत्तेच्या भाषेला भुललो, माणसाने जमिनीकडे मालकाच्या नजरेने...
"थांब," म्हणाला. नऊ वर्षांतला पहिला शब्द. "मेल्या, तू माफी पण भाषणासारखी मागतोस."
मग पुन्हा काथ्या वळू लागला.
मी विचारलं, १५ ला सगळं उलटं सांगू का? पुरावे आहेत, फोटो आहेत, तास बोलेन.
"नको. तू बोललास की गाव परत हात वर करील. तेव्हा पण सडा बगितला कुणी नव्हता. तुला ऐकला व्हता."
फोनमधलं जांभळं फूल पुढे केलं. नाव सांगायला लागलो.
"नाव काय करायचाय? गुरं ते खात नाय, एवढं मला ठाव हाय."
पाणी न पिता परतलो. त्याने विचारलंच नव्हतं.

१५ ऑगस्ट
ग्रा.स. प्रकाशने माझं नाव पुकारलं. सगळे सरसावून बसले. खिशात सात पानं लिहिलेली.
पानं काढली नाहीत. एवढंच म्हणालो, "मी चुकलो होतो. पावसात हा सडा मी कधी पाहिलाच नव्हता. ठराव आज नको. उद्यापासून रोज सकाळी सातला मी तिथे आहे. या आणि बघा."
मागून कुणीतरी, "सर, चालायला आम्हाला साखर नाय हो!" हशा पिकला. माझ्यावरचा हशा. कसा लागतो ते कळलं.
ठराव आठ दिवस पुढे. गोपाळ दाराशी बसला होता. मी बसेपर्यंत तिथे नव्हता.

१६ ऑगस्ट
सातला मी. पाऊस. साडेसातला प्रकाश, गाडीवरून न उतरता. "सुंदर आहे सर. पण हे किती दिवस टिकतं?"
"दीड-दोन महिने."
"आणि आंबा?"
एके काळी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला वाक्य तयार असायचं. आज झऱ्याचं सांगितलं, नीट जमलं नाही. तो घड्याळ बघत होता. बाकी कुणी नाही.

१७ ऑगस्ट
कुणी नाही. फो. काढला नाही.

१८ ऑगस्ट
सात वाजून गेले. वाडीच्या बाजूने माणसं आली, पाच-सहा. दोन बाया. पुढे काठी घेऊन गोपाळ. माझ्यासमोरून गेला, मान हलवली की नाही सांगता येत नाही. मी मागे लागलो, सगळ्यांत शेवटी.
तो काठीने दाखवत होता. हे गवत गुरांचं, हे छपराचं. इथे पाणी मुरतं, तिथून खाली झऱ्याला जातं. माझी वर्षभराची भाषणं होतील एवढं त्याला ठाऊक. बोलावंसं फार वाटलं. जीभ दाताखाली धरली.
मधेच एक तरुण त्याला म्हणाला, "काका, हे तेव्हाच का नाय सांगितलं तुमी?"
सगळे थांबले. मीही. उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते द्यायला तोंड उघडलं.
गोपाळने मागे पाहिलं नाही. "पाय बगून ठेवा," म्हणाला. "पुढं निसरडं हाय."
ठरावाला पाच दिवस. उद्या किती येतील, माहीत नाही.