पिवळे खिळे

चोपडा, बुधवार

प्रिय कुंदन,

काल फोनवर मी एवढंच म्हणाले, की तू नेलेला कोयता वापरू नकोस. तू हसलास. "अक्का, आबांची आठवण आहे ती, माळ्यावर टाकू का?" मग कारण विचारलंस आणि मी फोन ठेवून दिला. बोलून सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. वाचून होईपर्यंत तो हातात घेऊ नकोस. मयुरी केळीचा घड धरते आणि तू फण्या उतरवतोस, हे मला माहीत आहे.

आबांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले. दुकान मी परवा उघडलं. गिऱ्हाइकं मुठी बसवायला कोयते ठेवून जातात, आबांचं विचारतात. शेवंताबाई म्हणाली, तुझ्या वडिलांचं वय झालं होतं गं, बागेत हात निसटला असेल. सगळे हेच म्हणतात. मी मान हलवते.

तू दोंडाईच्याला केळीच्या वखारीत रमलास, मुठींचं काम शिकला नाहीस, म्हणून नीट सांगते. पात्याच्या शेपटीला दोन्हीकडून लाकडाच्या फळ्या लावतात आणि आरपार तीन खिळे घालतात. केळी कापायच्या कोयत्याला ते पितळेचेच लागतात. केळीचा चीक आणि पाणी फटीतून आत शिरतं, लोखंड आतल्या आत कुजतं, बाहेरून काही कळत नाही. आबा प्रत्येक खिळ्याला लोहचुंबक लावायचे. चिकटला की बाजूला. मग अंगठ्याने भोकात ढकलायचे. अडला तर म्हणायचे, "हाऊ खिळा रुसेल शे, काढ त्याले." जबरदस्तीने घातलेल्या खिळ्याने लाकूड तडकतं. दोन्हीकडे तांदळाच्या दाण्याएवढं टोक ठेवायचं, ते हलक्या हाताने ठोकून पसरवायचं, मग वरून कानस.

मोतीबिंदू वाढल्यावर खिळे निवडणं त्यांनी माझ्यावर सोपवलं. धुळ्याच्या एका नव्या दुकानातून मी स्वतः खिळे मागवले, आणि त्याची मला फार ऐट होती. पोळ्यानंतर त्यांनी दोन कोयते माझ्यापुढे ठेवले, एक बागेत घड कापायला ते रोज न्यायचे तो, दुसरा त्याचा जोड. स्वतःच्या कोयत्याला त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता.

परवा घड कापणाऱ्या टोळीतल्या रुपचंदने आबांच्या कोयत्याचे तुकडे बागेतून आणून दिले. तिन्ही खिळे मधोमध तुटले होते, आत नुसता गंज. डोक्याच्या वरच्या घडावर घाव घालताना पातं मुठीतून सुटलं आणि उलटून आबांच्या मानेवर आलं. हात निसटला नव्हता. त्याचा जोड तू तेराव्याला पिशवीत घातलास तेव्हा मी दारात उभी होते. तेव्हाही गप्प राहिले, कारण हात निसटला हेच खरं असावं, असं मला वाटत होतं.

आता जे फोनवर तोंडातून निघालं नाही ते. खिळे बसवताना मी चुंबक लावलं होतं. ते चिकटले. वरून पिवळं पाणी चढवलेलं, आत लोखंड. आबा शेजारीच बसले होते. "पितळ शे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. कानस मारल्यावर टोकं पांढरी दिसायला लागली, ती त्यांना दिसली नाहीत. त्यांनी कोयता हातात तोलून पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर सांगणं मला जमलं नाही. हंगाम संपला की बदलू, असं मनाशी म्हटलं आणि राहून गेलं. हे कोणाला माहीत नाही, तुला आज कळतंय. तुझ्याकडच्या कोयत्याच्या मुठीतही तेच खिळे आहेत. कोयता फडक्यात गुंडाळून ठेव, शनिवारी मी तो न्यायला येते. मला घरात घ्यायचं की दारातूनच तो हातात द्यायचा, ते तू आणि मयुरी, दोघं नवरा-बायको मिळून ठरवा.

तुला अजून तसं म्हणावंसं वाटलं तर,
तुझीच,
कामिनीअक्का