पाचवी काच

मॅडम, कालपासून मी मुद्दाम चुकीचे प्रोग्राम लिहितोय. इथे परदेशात, गाड्यांच्या कंपनीच्या ट्रॉयमधल्या ऑफिसात बसून, पगार घेऊन. आमच्या कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा नवा कंपायलर आणायचा आहे, तेव्हा चार जागांच्या ॲरेत नसलेल्या पाचव्या जागी काहीतरी लिहायचं आणि कंपायलर वॉर्निंग देतो का ते बघायचं, एवढंच काम. बाहेर बर्फ आहे, निम्मी माणसं घरूनच काम करताहेत. माझ्या ओळीतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी सकाळपासून दोनदा मी मान वळवून मागे बघितलं. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही अशाच आवाज न करता मागे येऊन उभ्या राहायचात. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. बातमी मला बॅचच्या ग्रुपवर कळली आणि हात जोडल्याचं चित्र टाकून मी मीटिंगला गेलो.

तुम्ही सी भाषा शिकवायला घेतलीत त्याच आठवड्यात मी ॲरेच्या बाहेर लिहिलं होतं आणि प्रोग्राम छान चालला होता. "मॅडम, चालतंय ना पण," मी जरा शेफारूनच म्हणालो. तुम्ही सगळ्या वर्गाला अनवाणी दाराबाहेर नेलंत, चपलांच्या रॅकपाशी. "या ओळीत दहा खण. अकरावी चप्पल कुठे ठेवशील?" "खालच्या ओळीत." "तिथे कुणाची तरी आहे." "मग तिच्यावर." "ठेव. रॅक काही बोलणार नाही. ज्याची चप्पल जाईल, तो संध्याकाळी बोलेल." पोरं हसली, मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

त्यानंतर तुमचा नियम झाला: प्रिंटआउटवर एकही वॉर्निंग दिसली तर जर्नलवर सही नाही. सबमिशनला दोन दिवस राहिले आणि आम्ही चुका शोधण्याऐवजी वॉर्निंगच बंद करायची युक्ती शोधली. आम्ही म्हणजे मी. सगळ्या वर्गाला मीच वाटली, कँटीनमध्ये फुकटचे समोसे खाल्ले. तुम्ही एकेक स्वच्छ प्रिंटआउट बघत गेलात आणि तुमचा चेहरा खुलत गेला. माझ्या जर्नलवर थांबून विचारलंत, "स्वतः केलंस?" मी म्हणालो, "हो मॅडम." तुम्ही सही केलीत आणि पुढच्या तासाला दुसऱ्या बॅचला आमचं उदाहरण दिलंत. मला त्या दिवशी लाज वाटली नाही, हे आज जास्त टोचतं.

काल माझे चुकीचे प्रोग्राम लॅपटॉपवर नीट पकडले जात होते आणि कंपनीच्या सिस्टिमवर कंपायलर गप्प बसत होता. टीममधली पुण्याची मुलगी कॉलवर म्हणाली, "दादा, वॉर्निंग सेटिंगमध्येच ऑफ आहे यार. कोणी केलंय हे?" मी म्हणालो, "जुनं असेल, बघतो मी." तिने विश्वास ठेवला. नंतर मी सेटिंगमधल्या त्या ओळीचा इतिहास उघडला. चार वर्षांपूर्वीचा शुक्रवार, शेरा 'तात्पुरतं' आणि खाली माझं नाव. तेव्हा बाहेरून घेतलेल्या कोडमुळे खोट्या वॉर्निंग येत होत्या, बिल्ड अडली होती, सॉफ्टवेअर तयारच होईना. मी ती ओळ टाकली आणि विसरलो.

वॉर्निंग चालू करून आमचा खरा कोड चालवला. एकच आली. गाडीच्या चार काचांसाठी चार जागांची ॲरे होती. माझ्या त्या शुक्रवारनंतरच्या वर्षी सनरूफ आलं, टपावरची पाचवी काच, आणि ॲरे कुणी वाढवली नाही. सनरूफचा आकडा शेजारच्या जागेत जाऊन पडतो. त्या शेजारच्या जागेत, काच वर जाताना मध्ये हात आला तर किती जोरावर थांबायचं, ते ठेवलंय. कदाचित आजवर काहीच झालं नसेल. मला माहीत नाही, आणि त्या गाड्या रस्त्यावर आहेत.

आमचीही त्याच मॉडेलची आहे. आज मुलीला शाळेत सोडताना ती मागून म्हणाली, "बाबा, विंडो अप कर ना, इट्स फ्रीझिंग." मी म्हटलं, "आधी दोन्ही हात मांडीवर ठेव." "व्हाय?" "ठेव." आरशात तिचे हात दिसेपर्यंत मी बटण दाबलं नाही. मग शाळेच्या रांगेतल्या बाकीच्या गाड्या बघत बसलो, मागच्या गाडीने हॉर्न देईपर्यंत.

दोन वाजता मॅनेजरबरोबर कॉल झाला. त्याने विचारलं, टेस्टिंग कसं चाललंय, आणि मी म्हणालो, "ऑलमोस्ट डन." माझा व्हिसा या नोकरीवर आहे, पण खरं कारण तेवढंच नाही. त्याला ईमेल लिहायला घेतली आहे. तासभर झाला, तिच्यात फक्त त्याचं नाव आहे. हे पत्र मात्र भराभर लिहून झालं. तुम्हाला सांगणं सोपं गेलं मॅडम, कारण तुम्ही आता काहीच करू शकत नाही.